न फुटलेली नळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे संचालक, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे सर, सरांच्या पत्नी, उद्यापासून प्रयोगशाळेचा कार्यभार घेणाऱ्या नव्या प्रमुख बाई, सत्कार समितीचे सभासद, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी या संस्थेतला नाही. माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभरात मी जे बोलतो ते बहुतेक एवढंच असतं, की ही गोळी जेवणाआधी आणि ही जेवणानंतर. त्यामुळे भाषणाची सवय नाही. सूत्रसंचालकांनी 'दिवंगत ताईंचे धाकटे बंधू' अशी माझी ओळख करून दिली, ती पुरेशी आहे. इथे मला दुसरी ओळख नाही आणि लागतही नाही.

सरांविषयी बोलण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोंधळ व्हायला नको. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर 'स्मृतिचिन्हाचे अनावरण' असं छापलेलं आहे. अध्यक्षांच्या हस्ते मेजावरच्या या पेटीवरचं कापड दूर व्हायचं आहे. तर त्या पेटीत काही नाही. पेटी उत्तम आहे, काच चांगली जाड आहे, आत निळी मखमल आहे. मखमलीवर ठेवायची वस्तू मात्र खाली प्रयोगशाळेत, भट्टीत आहे. समितीची मंडळी ज्या नजरेने माझ्याकडे बघत आहेत, त्यावरून त्यांना हे आत्ताच कळतंय असं दिसतं. सकाळी सांगायला वेळच मिळाला नाही. ती वस्तू इथे का नाही, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. संचालकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं ते माझ्या लक्षात आलं. लांबवणार नाही.

ताईला जाऊन वर्ष उलटून गेलं. अजूनही दुकानात कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "अणुभट्टीचं काम करायच्या ना हो त्या? त्यातूनच झालं का?" नाही. तिच्या खोलीत अणू वगैरे काही नव्हतं. विजेच्या भट्ट्या होत्या, वजनं होती, आणि बोटभर लांबीचे धातूचे तुकडे होते. आजार आमच्या घराण्यातला आहे. वडील त्यानेच गेले. हे एकदा जाहीरपणे सांगायचं होतं, सांगितलं.

तिचं काम काय होतं, हे इथल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त माहीत आहे. पण पाहुणेही आले आहेत, म्हणून मला समजलं तसं सांगतो. चुकलं तर सर दुरुस्त करतील, नाहीतरी त्यांना राहवणार नाही. पुढच्या काळातल्या अणुभट्ट्या आजच्यापेक्षा खूप जास्त तापमानावर चालवायच्या आहेत. इंधन ज्या बारीक नळ्यांत भरतात, त्या नळ्या एवढ्या उष्णतेत टिकायला हव्यात. साधं पोलाद तापल्यावर ओझ्याखाली हळूहळू ताणलं जातं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं हळू, पण ताणलं जातं आणि शेवटी तुटतं. सरांनी आपली सगळी नोकरी या एका प्रश्नाला दिली. पोलादाची भुकटी आणि त्यात चिमूटभर दुसरी एक भुकटी, हे मिश्रण पोलादी गोळ्यांबरोबर पिंपात घालून फिरवत राहायचं, मग डब्यात दाबून, तापवून त्याची कांब काढायची. ती दुसरी भुकटी पोलादात इतकी बारीक विखुरते, की तिच्यामुळे पोलाद सहजी ताणलं जात नाही. एका औषधवाल्याला हे लगेच पटतं. आमच्याकडेही सगळं चिमटीतच असतं.

ताई सरांची विद्यार्थिनी म्हणून इथे आली आणि सहकारी म्हणून राहिली. मी पहिल्यांदा तिची प्रयोगशाळा बघायला आलो, तेव्हा सगळे चहा पीत होते आणि भलतेच खुशीत होते. मी विचारलं, "कुणाचा वाढदिवस?" तर म्हणाले, "नाही, आज तुकडा तुटला." इथला हा रिवाज आहे. ज्याचा तुकडा तुटेल त्याने चहा पाजायचा. कित्येक महिने भट्टीत टांगून ठेवलेला तुकडा एकदाचा तुटतो, तेव्हा कुठे कागदावर लिहायला आकडा मिळतो. घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "कसली बाई ही नोकरी! मोडायचं आणि पगार घ्यायचा. घरात हेच काम ही लहानपणापासून फुकट करत आली."

एकदा ताईने तुटलेल्या तुकड्याचे दोन भाग घरी आणले होते. आईने चष्मा लावून ते उचलले आणि एकमेकांना लावून बघितले. "अगं, जुळतंय की! कळतसुद्धा नाही तुटल्याचं." ताई स्वयंपाकघरातून ओरडत आली, "आई, लावू नकोस! लावू नकोस ते!" आई घाबरली, तिला वाटलं शॉक वगैरे बसतो की काय. मग ताईने समजावून सांगितलं की तुटलेल्या तोंडावर तो का तुटला हे सगळं असतं. दोन्ही तोंडं एकमेकांवर घासली की ते पुसून जातं. म्हणून प्रयोगशाळेत तुटलेलं परत जुळवायचं नाही, हा पहिला नियम. आई म्हणाली, "तुमचे नियमच उफराटे." पण त्यानंतर तिने कधी हात लावला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सरांच्या कांबेचे तुकडे इतके टिकायचे की भट्ट्या कंटाळाव्यात. बाहेरून लोक बघायला यायचे. पुढच्या चाचणीसाठी शिफारस तयार झाली, आणि सरांचा मोठा सन्मान होणार असंही सगळे धरून चालले होते. आणि त्याच सुमारास ताईच्या मनात एक शंका आली. ती शंका अशी होती, की आपण तुकडे नेहमी कांबेच्या लांबीच्या दिशेनेच का कापतो? याला उत्तर सोपं होतं. कांब लांब आणि बारीक असते, तिच्यातून लांब तुकडाच सहज निघतो. कुणीही तसाच कापला असता. पण कांब दाबून काढताना पोलादातले कण लांबट होतात, लाकडातल्या रेषांसारखे. आणि नळीत दाब असतो तो आतून बाहेर, चहूबाजूंनी. म्हणजे नळी फाटलीच तर ती उभी फाटणार. लाकूडही उभंच फाडतात, आडवं कोण फाडतं? आपण जी ताकद मोजत होतो ती बरोबर मोजत होतो, फक्त ज्या दिशेला तिची गरज नव्हती त्या दिशेला.

ताईने आडवे तुकडे कापले. नखाएवढे. ते लवकर तुटले. फारच लवकर. त्या दिवशी चहा झाला की नाही मला माहीत नाही. तेव्हापासून तिला इथे 'आडव्या मॅडम' म्हणायला लागले, हे तिने स्वतःच हसत मला सांगितलं होतं. सर म्हणाले, "एवढासा तुकडा, पकडण्यात चूक असेल." तिने नव्याने तुकडे कापले. परत तुटले. मग बरेच दिवस दोघं एकाच खोलीत काम करून एकमेकांशी कागदावरून बोलायचे. ताई घरी यायची, जेवायची आणि खोलीत जायची. आई मला म्हणायची, "तू जाऊन सरांशी बोल." मी काय बोलणार? कांबेतलं मला काय कळतंय?

पण बोलणं झालं, आणि ते माझ्या दुकानात झालं. सर, हे सांगायला तुमची परवानगी घेतलेली नाही. एक दिवस सर दुकानात आले. म्हणाले, "पित्तावरची गोळी द्या."

मी म्हटलं, "कधीपासून होतंय?"

"तुमच्या ताईने आडवे तुकडे कापले तेव्हापासून."

मी गोळ्या दिल्या. जेवणाआधी, असंही सांगितलं. सर पाकीट हातात घेऊन तिथेच उभे राहिले. मागे दोन गिऱ्हाइकं होती. मग म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी शिफारस मागे घेतोय. पण तुम्ही तिला सांगायचं नाही. मी सांगणार."

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे गिऱ्हाइकाचं काहीच कुणाला सांगत नाहीत."

शिफारस मागे गेली. सन्मानही गेला, त्याबद्दल सरांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही. प्रयोगशाळेतले बरेच लोक दुसऱ्या कामांवर गेले. राहिले ते हे दोघं आणि चार भट्ट्या. पोलादातले लांबट कण पुन्हा गोलसर कसे करायचे, यावर ते लागले. लांबीच्या दिशेची ताकद थोडी कमी झाली तरी चालेल, पण आडवी वाढली पाहिजे. नळी लाटायची, तापवायची, परत लाटायची, किती तापवायची आणि कधी. यात वर्षं गेली. मधली वर्षं मी गाळतो, कारण त्यांत सांगण्यासारखं एवढंच होतं की जमत नव्हतं.

मग एका नळीत ते जमल्यासारखं दिसलं. ती नळी दोन्ही तोंडांनी बंद करून, आत दाबाने वायू भरून भट्टीत ठेवली. बाहेर दाबाचा काटा. नळी गेली की काटा पडणार. आणि पुढच्याच महिन्यात ताईचा आजार निघाला.

सर रुग्णालयात यायचे. हे इथे पुष्कळांना माहीत आहे. तिथलं बोलणं मात्र मीच ऐकलेलं आहे. सर आत आले की ताई विचारायची, "काटा?" सर म्हणायचे, "आहे तिथेच आहे. तुम्ही कशा आहात?" "मी विचारलं त्याचं सांगून झालं ना? मग बसा." शेवटी शेवटी तिला बोलायला त्रास व्हायचा. एकदा सर तिला धीर द्यायला म्हणून म्हणाले, "काळजी करू नका, तुमच्या नळीला काही होत नाही." तशातही ताई चिडली. म्हणाली, "सर, तिला काहीतरी व्हायलाच हवं. कशी जाते ते बघायचंय. बारीक गळते का उभी फाटते?"

हा फरक मला तेव्हा कळला नाही. नंतर सरांनी जिन्यात उभं राहून सांगितला. नळीला टाचणीएवढं भोक पडून गळायला लागली, तर अणुभट्टीतल्या उपकरणांना लगेच कळतं, भट्टी थांबवतात, नळी बदलतात. पण नळी एकदम उभी उसवली तर आतलं इंधन बाहेर पडतं, आणि थांबवायला सवड मिळत नाही. म्हणजे नळी किती काळ टिकली एवढ्याने भागत नाही. ती कशी गेली, हेही कळायला हवं. आणि ते कळायचा रस्ता एकच, ती जाईपर्यंत थांबणं.

ताई गेली. नळी राहिली. चाचणीची ठरवलेली मुदत तिने मागेच ओलांडली, आणि ती अजून राहिली आहे.

आता सत्कार समितीबद्दल. समितीने जे योजलं ते अत्यंत प्रेमाने योजलं, यात मला तिळमात्र शंका नाही. सर निवृत्त होत आहेत, नळी मुदत ओलांडून अखंड आहे, ताईची आठवण आहे. तर निरोपाच्या दिवशी चाचणी थांबवायची, नळी बाहेर काढून काचेच्या पेटीत ठेवायची आणि सरांच्या उपस्थितीत ती आमच्या कुटुंबाला द्यायची. मला पत्र आलं तेव्हा मी ते आईला वाचून दाखवलं. आईने दुसऱ्याच दिवशी ताईच्या फोटोशेजारची जागा रिकामी केली. माझ्या मुलीचे चषक तिथून हलले, त्यावरून घरात थोडी कुरबूरही झाली. आई म्हणाली, "चषक काय, दरवर्षी मिळतात." आज निघतानासुद्धा तिने मला विचारलं, "पिशवी नीट घेतलीस ना? काच आहे." मी पिशवी घेऊन आलो आहे. ती इथे खुर्चीखाली आहे.

सकाळी नळी काढायची म्हणून सरांनी मला लवकर बोलावलं होतं. प्रयोगशाळेत सर, नव्या प्रमुख बाई आणि मी. भट्टी म्हणजे फार काही बघण्यासारखं नसतं. करड्या रंगाचा उभा डबा, बाजूला काटा. सरांनी स्वतः बटणापाशी हात नेला, आणि मग काढून घेतला. मला म्हणाले, "तुम्ही घरचे. तुम्ही हो म्हणा, मी बंद करतो."

मी विचारलं, "बंद केल्यावर परत चालू करता येते?"

"नाही. एकदा थंड झाली की ही चाचणी संपली."

"मग ती कशी जाते, ते?"

सर म्हणाले, "ते कळणार नाही." मग काट्याकडे बघत म्हणाले, "आज थांबवली तर ही न फुटलेली नळी. अहवालात तसंच लिहिलं जाईल. आणि उद्या उभी फाटली, तर हे पोलाद अणुभट्टीत जाणार नाही. माझी सगळी नोकरी त्यात आहे आणि तुमच्या ताईची अर्धी."

"आणि आज थांबवली, तर जाईल?"

मी नव्या प्रमुख बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी काही बोलणार नाही. मी उद्यापासून बोलेन." हे त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं, पण त्यांचा चेहरा उद्याचाच होता. शेवटी सर म्हणाले, "जाईल. कदाचित. आकडा तेवढा चांगला आहे."

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे प्रत्येक पाकिटावर तारीख छापलेली असते. ती ठरवायला कंपनी गोळ्या कपाटात ठेवते आणि त्या बिघडेपर्यंत वाट बघते. गोळी चांगली आहे तोवरच काढून कुणी काचेत मांडली, तर पाकिटावर काय छापायचं? मी असली गोळी विकणार नाही."

सर म्हणाले, "हे ताईने सांगितलं होतं का तुम्हाला?"

"नाही, हे आमच्या धंद्यातलं आहे."

"हं. ती यापेक्षा वाईट शब्दांत बोलली असती."

आणि त्यांनी नळीसाठी खाली आणलेल्या रिकाम्या पेटीचं झाकण लावलं, खोलीतला दिवा मालवला आणि म्हणाले, "चला. वर पुष्पगुच्छ सुकतायत." भट्टीला हात लावला नाही.

सरांच्या कारकिर्दीबद्दल आज पुष्कळ वक्ते बोलले. शोधनिबंध, विद्यार्थी, परदेशातली व्याख्यानं. मी त्यात भर घालू शकत नाही. मी फक्त दोन प्रसंग सांगितले. पहिल्यात त्यांनी मिळत असलेला सन्मान परत केला, तेव्हा ते माझ्या दुकानात उभे होते. दुसरा आज सकाळचा. त्यात त्यांनी निश्चिंत मनाने घरी जाण्याची संधी सोडली. उद्यापासून त्यांना खालच्या खोलीत जाता येणार नाही, ओळखपत्र कार्यक्रमाआधीच जमा झालं. काटा पडेल तेव्हा ते तिथे नसतील.

वर येताना मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, नळी आणत नाही."

"का? देत नाहीत?"

"देतायत. मीच नको म्हटलं. अजून फुटलेली नाही."

आई म्हणाली, "कधी फुटेल?"

"ते कुणालाच सांगता येत नाही."

"माझ्या आधी की माझ्या नंतर?"

मी काय सांगणार? आईच म्हणाली, "बरं, राहू दे तिथेच. ती असती तर तिनेही आणू दिली नसती. चषक परत मांडते."

नव्या प्रमुख बाईंना एक विनंती आहे. सगळ्यांसमोर करतो, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. काटा पडेल त्या दिवशी सरांना फोन करा. गळली असेल तरी करा आणि उभी फाटली असेल तरी करा. वाईट असेल तर आता घरी बसलेल्या माणसाला कशाला सांगायचं, असं कुणाच्या मनात आलं तर ते मनातच ठेवा. सर मान डोलावत आहेत, म्हणजे त्यांनाही हेच म्हणायचं होतं. त्यानंतर मला करा. दुकानात गर्दी असली तरी मी घेईन. जे असेल ते आईला मी जसंच्या तसं सांगेन. एवढी वाट बघितल्यावर तिला अर्धं सांगून चालणार नाही. आणि चहा मात्र व्हायलाच हवा. तुकडा ताईचा, म्हणून त्या दिवशीचा चहा आमच्या घरून.

सर, तुम्हाला आणि तुमच्या पत्नींना पुढच्या दिवसांसाठी शुभेच्छा. पित्त पुन्हा झालं तर दुकान माहीत आहेच. मला बोलायची संधी दिल्याबद्दल समितीचा, आणि ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचा आभारी आहे. अध्यक्षांच्या कार्यक्रमात मी ऐनवेळी फेरफार केला, समितीची मेहनत वाया घालवली, आणि दोन घरांतलं बोलणं सभागृहात आणलं. यात जे वावगं वाटलं असेल ते माझ्या खात्यावर धरा, सरांच्या किंवा ताईच्या नको.

कार्यक्रमानंतर बरेच जण मागच्या जिन्याने खाली उतरतील. त्या बाजूला प्रयोगशाळा आहे आणि यंत्रांवर तुकड्यांना वजनं टांगलेली आहेत, त्यांना धक्का बसायला नको. दार जरा हळू लावा. नमस्कार.